रुक्मिणीचा हात

अनंत पाध्ये तुम्ही पाहिलेला नाही, पोरांनो. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायचा. भुताखेतांवर विश्वास नव्हता त्याचा. तेवढी उसंतच नव्हती त्याला.

सत्याऐंशी साल, मार्गशीर्षातल्या अमावास्येची रात्र. परदेशातल्या कुणा मृताची किडनी बर्फाच्या पेटीतून सहार विमानतळावर उतरली होती. सकाळी ती कुणाला तरी बसवायला हवी, नाहीतर फुकट. किडनीची वाट पाहणाऱ्या दोघी होत्या. मुलुंडच्या जयंतीबाईंचं रक्त घेऊन झालं. राहिली भांडुपची रुक्मिणी. तिचं मागेही पाहिलं होतं, जुळलं नव्हतं, आणि ते तिला सांगायचं अनंतच्याच वाट्याला आलं होतं. जीप खाली ठेवून टेकडी चढताना पायांपेक्षा मन जड होतं.

चाळीत दिवे गेलेले. रुक्मिणी आपल्या बंद दाराबाहेर पायरीवर बसली होती. कशाला आलो ते त्यानं सांगितलं. तिनं मुकाट्यानं हात पुढे केला. टॉर्च दातांत धरून त्यानं सुई टोचली, रक्त घेतलं, कापूस ठेवून वर चिकटपट्टी लावली. हात गार. थंडीच होती म्हणा...

घरचे कुठे आहेत, त्यानं विचारलं.

"हॉस्पिटलात गेलेत."

"का? कोण आजारी?"

उत्तराऐवजी तिनंच विचारलं, "भाऊ, ह्या टायमाक जुळात?"

"बघू."

"दमलंय मी..."

मीही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. तो उतरला.

किडनीबरोबर आलेल्या मृताच्या जिवंत पेशींवर दोघींचं रक्त घालून तो रात्रभर भिंगाला डोळा लावून बसला. पेशी मेल्या, तर त्या बाईचं शरीर किडनी नाकारणार. जयंतीबाईंच्या रक्तात बऱ्याचशा टिकल्या. रुक्मिणीच्या रक्तात... एकही मेली नाही. डॉक्टर म्हणाले, तिलाच आणा.

उजाडताना जीप पुन्हा भांडुपला. दाराशी माणसं. रुक्मिणीचा नवरा सीताराम भिंतीला टेकून उभा. शेजाऱ्यांनी सांगितलं, दुपारी दम लागला म्हणून तिला म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेली, दिवेलागणीला गेली. आत्ता आणली. रात्रभर घराला कुलूप.

जयंतीबाईंना घ्या, एवढा निरोप ड्रायव्हरजवळ देऊन अनंतनं जीप परत पाठवली. त्या बाई पुढे बरीच वर्षं जगल्या. तो मात्र तिथेच थांबला. पाय निघेनात.

आत बायका तिला आंघोळ घालत होत्या. त्यांनी सीतारामला हाक मारली. तो गेला. मग दारात येऊन, कुणाकडेच न बघता, हळू म्हणाला,

"रातभर तिचो हात धरून बसलंय मी. तेव्हा काय नव्हता... हो कापूस कोणी लावलो?"

अनंतनं आत पाहिलं. कोपराच्या वळणात चिकटपट्टी. खाली कापूस.

लाल.

ओला.