सुटायची वेळ

राग आला की धाकटी दात-ओठ खायची. असं केल्याने दातांचं काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. लोकांच्या कवळ्या बनवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. त्या रविवारी सकाळी दादाने जेवणाच्या टेबलावर राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि जाहीर केलं, "पाच दिवस, बासष्ट किलोमीटर डोंगर. आपण तिघं. तंबू, शिधा, सगळं पाठीवर."

"तिघं? आणि वहिनीचा गुडघा?"

"डॉक्टर चाल म्हणालेत तिला."

"बागेत चाल म्हणालेत, दादा. डोंगरात नाही!"

"तू गप गं. तिची काही हरकत नाहीये."

वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होती. हरकत आहे की नाही हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. धाकटीच्या ते लक्षात आलं आणि तिचं डोकंच फिरलं, पण मागे वळून तिनेही काही विचारलं नाही. भांडायचं तर ते दादाशी, ही तिची लहानपणापासूनची खोड.

दादाने तीस वर्षं रेल्वेत वेळापत्रकं आखली होती. निवृत्त झाला तरी हात काही स्वस्थ बसेना. घरी पाहुणे यायचे असले तरी हा गृहस्थ उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता करायचा: ठिकाण, पोचणे, सुटणे. एका रविवारी एकच दिवस आखायचा, म्हणजे चुका होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पहिला दिवस, चौदा किलोमीटर, जंगलातली चढण. लिहून झाल्यावर त्याने कागदावर फुंकर मारली आणि तो ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला.

सोमवारी कामावरून परतताना धाकटी दादाकडे डोकावली. वहिनी कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. दोन्ही टाचांना कोटाच्या बटणाएवढे फोड आले होते.

"कुठे भटकून आलीस गं?"

"कुठे जाणार? घरातच तर होते," वहिनी म्हणाली. आपल्याच टाचांकडे ती परक्याच्या असाव्यात तशी बघत होती.

दुसऱ्या रविवारी दादाने बाराशे मीटरचा उतार आखला. संध्याकाळपर्यंत वहिनीचा गुडघा टम्म सुजला. धाकटी तिच्या केसांना तेल लावायला बसली तर केसांत सुईसारखी बारीक, वाळकी पानं. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली सगळं डांबर. धाकटीने एक पान डबीत घालून कामावर नेलं आणि भिंगाखाली धरलं. पानच होतं ते. त्याला डिंकाचा वास येत होता.

तिसऱ्या रविवारी धाकटी मुद्दामच सकाळपासून तिथे जाऊन बसली. दादा लिहीत होता: ओढा चार वेळा ओलांडायचा, मुक्काम वरच्या सपाटीवर. पेन्सिल कागदावर करकरत होती आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी पाण्यातून चालल्यासारखा आवाज येत होता. धाकटी धावली. नळ बंद होता. वहिनीच्या ओल्या पावलांचे ठसे ओट्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून ओट्यापर्यंत, चार वेळा. पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

"दादा! इकडे ये आधी! तू कागदावर लिहितोयस आणि ही चालतेय!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? फरशी पुसली असेल तिने."

"अरे पाय बघ तिचे! तीस वर्षं नुसते तक्तेच बघितलेस तू. गाडीत बसलेलं माणूस कधी दिसलं नाही तुला!"

"भांडू नका गं," वहिनी म्हणाली. "पाणी गार होतं, एवढंच."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कागद टराटरा फाडून त्याचे तुकडे करावेत असं तिला वाटलं. पण तिसऱ्या दिवसाचा मुक्काम वर, डोंगरातच होता. कागद फाटला आणि वहिनी तिथेच राहिली तर? असला वेडगळ विचार आपण करतोय याचीच तिला चीड आली. तरी हात काही पुढे झाला नाही.

चौथ्या रविवारी ती दादाच्या समोरच बसली. "आज उरलेले दोन्ही दिवस आख. उतरव तिला खाली."

"अरे वा! आलीस का लायनीवर," दादा खुशीत म्हणाला. एका बैठकीत दोन दिवस त्याने कधी आखले नव्हते, पण बहीण एकदाची हो म्हणाली याचाच त्याला आनंद झाला. त्याने भराभर लिहायला घेतलं. "चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी खिंडीखालची वनखात्याची चौकी. तिथून शिखर. ते काही हिला झेपायचं नाही. ही चौकीत थांबेल, आपण दोघं वर जाऊ."

"थांबेल म्हणजे? विचारलंस का तिला?"

"बसते मी," आतून वहिनीचा आवाज आला. लांबून आल्यासारखा.

दादाने वहिनीसाठी वेगळी ओळ आखली आणि पाचव्या दिवसाकडे वळला. शिखरावरून डोंगराची दुसरी सोंड, तिथून उतार, चार वाजून पाच मिनिटांची बस. शेवटच्या स्थानकाखाली मारायचा तशा त्याने दोन रेघा मारल्या.

धाकटीने नकाशावर बोट फिरवलं. "दादा, ही सोंड पलीकडे उतरते. परत येताना चौकी लागतच नाही."

दादाने तक्त्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "रकाना राहिला," तो पुटपुटला. "पोचणे लिहिलंय, सुटणे नाही."

"मग?"

"मग गाडी तिथेच संपते."

धाकटी उठून आत गेली. गॅसवर दूध तापत होतं. घराच्या दाराला आतून कडी. खिडकीला गज. स्वयंपाकघरात कुणीही नव्हतं.

"वहिनी!" तिने न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कपाटसुद्धा उघडलं. दादा टेबलापाशी तसाच उभा होता.

नकाशाच्या कडेला चौकीचा फोन नंबर छापलेला होता. धाकटीने तो लावला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"चौकीदार बोलतोय. हां, आहेत ना एक बाई. दहा-दहाला आल्या. बाकावर बसल्यात. चहा विचारला तर नको म्हणाल्या. देऊ का?"

मग वहिनीचा आवाज. "पोचलात का गं तुम्ही खाली?"

"वहिनी, तू... अगं, तू तिथे कशी..."

"फार थंडी आहे इथे. ह्यांना जरा विचार ना, मी कधी निघायचं?"

दादाने पेन्सिल उचलली होती. "थांब, आधी अंतर बघू दे..."

"अंतर घाल चुलीत!" धाकटीने पेन्सिल हिसकावली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. तिने रिकाम्या रकान्यात तेच लिहिलं, इतकं दाबून की टोक मोडलं. मग फोनमध्ये ओरडली, "ऊठ वहिनी! नीघ तिथून, आत्ताच्या आत्ता!"

"बरं," वहिनी म्हणाली.

फोन बाकावर ठेवल्याचा आवाज आला. मग दाराचा.

चौकीदार म्हणाला, "निघाल्या हो. झपाझप चालतायत."

धाकटी खुर्चीत बसली. तिला रडूच फुटलं. दादा तक्त्यावर वाकला होता.

"बारके," तो म्हणाला, "पुढचं ठिकाण?"

"काय?"

"सुटणे लिहिलंस. पोचणे कुठे?"

"लिही ना मग! घर लिही!"

"वाट कळल्याशिवाय वेळ कशी काढू?" त्याचा आवाज फाटला. "कुठल्या वाटेने गेली ती?"

धाकटीने फोन कानाशी घट्ट धरला. "कुठल्या वाटेने गेल्या त्या?"

"इथून तीन वाटा फुटतात, बाई. धुकं आहे, काही दिसत नाही. तुम्हीच सांगितलंत ना त्यांना निघायला?"

"हाक मारा त्यांना! मोठ्याने!"

त्याने मारली. तीनदा मारली.

"ओ देत नाहीत," तो म्हणाला. "दार लावून घेतो हं आता. वारा आत येतोय."