डोहाला नाव सांगितलं

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरकवा. मी यवतमाळच्या एका शाळेत गणित शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आले आहे.

पण हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे. आणि मी तिथं हजर होते.

गेल्या मार्चमधली भर दुपार. रात्र नव्हे. जागा म्हणजे महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या अलीकडे, आमच्या गावच्या नाल्यातला डोह. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

माझा धाकटा भाऊ अंकुर आवाज रेकॉर्ड करतो. गाणी नाही, पाण्याचे आवाज. नदी, विहीर, पाट, काहीही. आमची आई सगळ्यांना सांगायची, "एवढं शिकून पोट्टा पाणी आयकत बसते!"

बाबा गेल्यापासून तो बाबांच्या जागांचे आवाज टिपत फिरत होता. शेतातली विहीर झाली. कळंबच्या चिंतामणीचं कुंड झालं, बाबा चतुर्थीला तिथं जायचे. डोह तेवढा राहिला होता. पाठीला वाळलेले भोपळे बांधून बाबा तिथंच पोहायला शिकले होते.

आधी मोठेबाबांकडे चहा घेतला. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मारोतराव. डोह म्हणताच त्यांनी कप खाली ठेवला.

"पाह्य बाबू, तिथं नाव घ्याचं नाही. तुह्यं नाही, हिचं नाही, बैलाचंसुद्धा नाही."

"काहून?" अंकुरनं विचारलं.

"काहून-बिहून काही नाही. गावात कोणीच घेत नाही. बाया धुणं धुतात तं 'ओ बाई' म्हणून हाक मारतात. तुह्या बापानं बी कधी घेतलं नाही."

मला हसू आलं. अंकुर मात्र मान हलवून "हो" म्हणाला. तो बाबांसारखाच, वडीलधाऱ्यांचं ऐकणारा.

त्या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन रात्रीची होती. दिवसा विहिरींवरच्या मोटारी बंद. अंकुरला हीच शांतता हवी होती. नाला कोरडा पडला होता, फक्त डोहात पाणी होतं. काळं, गच्च, अजिबात न हलणारं. बाभळीवर होले घुमत होते.

त्यानं पाण्यातला माईक सोडला. लांब काळी वायर सरसर आत गेली. उरलेली त्यानं मनगटाला गुंडाळली, हेडफोन लावले आणि हातातल्या रेकॉर्डरजवळ तोंड नेऊन हळूच बोलला.

"मार्च. दुपार. बाबांचा डोह. रेकॉर्डिंग करतोय अंकुर."

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तो हे बोलतो. नंतर कोणतं कुठलं ते कळावं म्हणून. मोठेबाबांचं सांगणं त्यानं हाक मारण्यापुरतंच घेतलं होतं, आणि त्यानं कोणाला हाक मारलीच नव्हती. यंत्राशी बोलणं त्यानं त्यात धरलंच नाही. माझ्या लक्षात येईस्तोवर नाव जाऊन चुकलं होतं.

होल्यांचं घुमणं थांबलं.

मग माश्यांची भुणभुणही...

अंकुरच्या कपाळाला आठी पडली. त्यानं हेडफोन काढून माझ्या कानाला लावले.

"ताई... आयक बरं हे."

आधी बुडबुडे. मग काहीच नाही. मग खूप खालून कोणीतरी...

"अं..."

थोडं थांबून पुन्हा.

"अं... कुर."

ना बाईचा आवाज, ना बाप्याचा. चोरलेली वस्तू हातात फिरवून बघावी, तसं ते नाव फिरवून बघत होतं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं. त्यात माया नव्हती. होता तो नुसता राग, आणि तो आमच्यावरच होता.

"काढ वायर!" मी ओरडले.

तेवढ्यात वायर ताठ झाली.

पाण्याला धार नव्हती. तरी वायर आत ओढली जात होती. गुंडाळलेल्या मनगटासकट अंकुर चिखलात घसरला. गुडघे पाण्यात गेले. मी त्याची कॉलर धरली, टाच दगडाला रोवली, आणि आयुष्यात जी शिवी कधी तोंडातून काढली नव्हती, ती डोहाला हासडली.

वायर एकदम ढिली पडली.

गाडीपाशी येईपर्यंत एकही पाखरू बोललं नाही.

गाडीत अंकुर हसत होता. घाबरल्यावर तो तसाच हसतो. "झाडाच्या मुळीत अटकली असन वायर," म्हणाला आणि रेकॉर्डिंग लावलं.

"मार्च. दुपार. बाबांचा डोह. रेकॉर्डिंग करतोय..."

आणि पुढे... काही नाही. एका नावापुरती रिकामी जागा. मग बुडबुडे.

घरी येऊन जुनी रेकॉर्डिंगं काढली. विहिरीचं. कळंबचं. प्रत्येकात तीच रिकामी जागा. मग मात्र तो हसायचा थांबला.

संध्याकाळी आईनं हाक मारली, "अंकुर, जेवाले ये."

तो तिथंच, तिच्यासमोर बसला होता. मान वर केली नाही. आईनं पुन्हा बोलावलं. मग पाठीत धपाटा घातला.

"काय झालं आई? आवाज द्याचा ना."

"मंग मी काय करून राह्यली व्हती रे?"

बाकी सगळं त्याला ऐकू येत होतं. तेवढा एक शब्द येत नव्हता. मी कागदावर लिहून दाखवला.

त्यानं नीट वाचला.

"कोणाचं नाव आहे हे?"

मला तेव्हा खरी भीती वाटली, सांगायला लाज कसली.

दिवेलागणीला तो उठला. "आलो," म्हणाला आणि अनवाणी फाटकाकडे निघाला.

"कोठी चालला?"

"आवाज देऊन राह्यले ना मले."

गल्लीत कोणी नव्हतं. आम्ही दोघींनी त्याला ओढत आत आणलं. तो माझ्याशी झटापट करत होता, आणि तोंडानं मात्र नम्रपणे "आलो, आलो" म्हणत होता.

आईनं फोन केला, तसे दुसऱ्या दिवशी मोठेबाबा आले. बसलेसुद्धा नाहीत.

"सांगतलं होतं ना तुमाले! गेलं ते गेलं आता. नवं नाव ठेवा. घरातलं सारं पाणी सांडून द्या, मंग ठेवा. अन् पाण्याजवळ ते बोलू नका. मलेसुद्धा सांगू नका."

माठ, बादल्या, टाकी, सगळं रिकामं केलं. बाळाच्या बारशाला सांगतात तसं आईनं त्याच्या कानात नाव सांगितलं. जवळ फक्त मी. त्यानं लगेच "हो आई" म्हटलं. आई ढसाढसा रडली. मीही रडले.

म्हणून मी इथं अंकुर, अंकुर असं बिनधास्त लिहिते आहे. ते नाव आता त्याचं नाही. नवं आम्हा तिघांनाच ठाऊक. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तो जेवू लागला, आईची चेष्टा करू लागला. माईक माळ्यावर टाकले. मला वाटलं, सुटलो.

आज आई केळापूरला देवीच्या दर्शनाला गेली आहे. मी पेपर तपासत होते. तो दारात येऊन उभा राहिला. पायात चपला.

"बोल ताई, काहून बोलावलं?"

"मी कायले बोलावू?"

"नावानं आवाज दिला ना आत्ता."

मी लाल पेन बाजूला ठेवला.

"कोणत्या नावानं?"

त्यानं सांगितलं.

नवं.

मी तोंड उघडलं नव्हतं. आई घरात नाही. मी दाराला आतून कुलूप लावलं आहे, आणि किल्ली माझ्या मुठीत आहे.

तो समोर बसला आहे. शांत. चपला काढ म्हणून मी केव्हाची विनवते आहे.

काढत नाही.