पाचटाचा वास

अजिनाथच्या मनिषाचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. कोरोनाची बंधनं उठून पहिलाच उन्हाळा, त्यामुळं आष्टीकडच्या झाडून साऱ्या गावांत एकाच महिन्यात मांडव पडले होते. अजिनाथ हा त्रिंबकचा मुलगा, मनिषा नात. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या भिवराबाईनं नवऱ्याला हळूच विचारलं, "अवं, लगीन कुणाचं हाय हे?"

त्रिंबक हसला. पन्नास वर्षं ती त्याची थट्टाच करत आली होती. पण तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं. परक्या घरी गेल्यावर ती तसं करायची.

बीडच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो पाहून सांगितलं, की आठवणी एकेक करून जातील. गोळ्यांनी चाल मंदावेल, थांबणार नाही. परतीच्या एसटीत भिवराबाई खिडकीशी बसून बाभळी बघत होती आणि त्रिंबकच्या मनात एकच गोष्ट घोळत होती.

अजिनाथच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, ऊसतोडीला गेले असताना, कृष्णाकाठच्या एका फडावर, पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. त्रिंबक तेव्हा उसाची भरली बैलगाडी घेऊन कारखान्याच्या दारात दोन दिवस रांगेत अडकला होता. तो परतला तोवर पोर जन्मून, दीड दिवस जगून, गेलीही होती. टोळीतल्या साखराबाईनं आणि भिवराबाईनं तिला कुठंतरी पुरलं होतं. बारशाआधी लेकराला नाव ठेवत नाहीत, आणि ठेवलं तरी सांगत नाहीत. "ठेवलंय म्या," एवढंच भिवराबाई बोलली आणि तिसऱ्या दिवशी तिनं कोयता हातात घेतला. त्यानं विचारलं नाही. साखराबाई वारून आता वीस वर्षं झाली होती. ते नाव आणि ती जागा एकट्या भिवराबाईकडं उरली होती.

ते लिहून ठेवायचं, असं त्रिंबकनं ठरवलं.

त्याला अक्षर आलं चव्वेचाळिसाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात, कंदिलाच्या उजेडात. त्यानंतर त्यानं बऱ्याच वह्या भरल्या. निम्म्या वाळवीनं खाल्ल्या. आणि गेली दोन वर्षं हात असा कापायचा, की पेन कागदावर टेकलं तरी रेघ भलतीकडं जायची. बटण मात्र दाबता यायचं. मोबाइलवरची अक्षरं फार बारीक, म्हणून तो आष्टीला बद्रीनाथच्या दुकानात गेला. बद्रीनाथ मोबाइल दुरुस्त करायचा आणि जुने कॉम्प्युटर विकायचा.

"हा घेऊन जा, आबा," बद्रीनाथनं एका पिवळट पडलेल्या डब्यावर थाप मारली. "मराठीत हाय समदं. पन एक सांगतो, हे दुसऱ्या जातीचं हाय. लोकांकडं जे असतं ते न्हाई ह्यात. मला बी धड येत न्हाई."

"मंग मला कसं यावं?"

"तुमाला कुठं दुसरं येतंय? तुमाला समदं सारखंच."

"कुणाचा व्हता?"

"एका क्लासचा. क्लास बंद पडला. मास्तर दिसत्यात अधूनमधून स्टँडवर बसल्याले. इचारलं तर म्हनत्यात, कसला क्लास."

सून रोहिणीनं माजघरातल्या लोखंडी खाटेजवळ टेबल लावून दिलं. वीज अकरा ते तीन असायची, तेवढीच त्रिंबकची शाळा. पडद्याचा रंग कोरड्या मातीसारखा होता. बाण हलवायचा उंदीर त्याच्या कापऱ्या हातात नव्या बैलासारखा वागायचा. ओढावं एकीकडं, जायचा दुसरीकडं. दोनदा पटपट टिचकी मारायची असते हे समजायला चार दिवस गेले. 'गृह' कुठं, 'दस्तऐवज' कुठं, 'कचरापेटी' कुठं, हे त्यानं फडातल्या सऱ्यांसारखं पाठ केलं. जपून ठेवायचं बटण त्याला सापडलं नाही. त्याची गरजही नव्हती. लिहिलेलं आपोआप राहायचं.

"म्हातारपणी सायबीण आनलीया घरात," भिवराबाई दारातून म्हणायची. "तिच्या तोंडाकडंच बघत बसा दिसभर."

"तुजंच लिवतोय की."

"माजं काय लिवायचं? तोडलं, बांधलं, वाहिलं. झालं."

पण ती सांगायला लागली. मुलीचं त्यानं लगेच काढलं नाही. आधी दुष्काळात खडी फोडल्याचं सांगून झालं. त्यानं एका बोटानं, वर्गात शिकवलेल्या शुद्ध भाषेत, तीन दुपारी ते लिहिलं. मशीन गरम झालं की मागच्या जाळीतून वारा यायचा आणि त्या वाऱ्याला वास असायचा. ओळखीचा होता, पण पटकन ध्यानात येत नव्हता.

"मामा, पाचट कोन जाळतंय?" रोहिणीनं ओसरीवरून विचारलं. गावात ऊस नव्हता. पाच कोसांत नव्हता.

चौथ्या दिवशी जेवताना त्रिंबक म्हणाला, "त्या खडीवरच्या मुकादमाचं नाव काय गं? राह्यलं लिवायचं."

"कंची खडी?"

"दुष्काळातली. परवाच सांगितलीस की."

"म्या? मी कवा खडी फोडली?" तिनं भाकरी मोडली. "दुसरी कोन असंल."

डॉक्टरनं सांगितलंच होतं. त्रिंबकनं पुढचं लिहायला घेतलं. मग तिच्या माहेरची विहीर लिहून झाली आणि विहीर गेली. तिच्या बापानं घोड्यावरून पडून पाय मोडला होता, ते लिहिलं आणि बापच गेला. न लिहिलेलं मात्र शाबूत होतं. शेजारणीशी चाळीस वर्षांपूर्वी झालेलं भांडण तिला शब्दाशब्दानं पाठ होतं.

त्रिंबक असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्यानं तपासून पाहायचं ठरवलं. एका मंगळवारी त्यानं फक्त शेंगोळे लिहिले. हुलग्याचं पीठ किती, लसूण किती, पाण्याला उकळी कधी. बुधवारी भिवराबाईनं परातीत पीठ मळून घेतलं आणि तिचे हात तसेच राहिले. बराच वेळ ती त्या गोळ्याकडं बघत होती.

"रोहिणी," ती म्हणाली, "ह्याचं काय करत्यात गं?"

त्यानं मशीन बंद केलं, वायर काढली आणि वर तिचं जुनं लुगडं टाकलं.

आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत भिवराबाईचं काही गेलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ओसरीवर दोघं तूर निवडत बसले होते. तिनं मान वर न करता, कुणी न विचारता, सुरुवात केली. कोपी. साखराबाईचे गार हात. पोरीच्या कपाळावरचे केस. पाटाच्या कडेची जागा, तिथलं झाड, झाडापासून किती पावलं. आणि शेवटी नाव. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ते तोंडातून काढलं, आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

त्रिंबकनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हे लिहायचं नाही. हे आता आपल्याजवळ आहे, तिच्याजवळही आहे. पुरे झालं.

अकराला वीज आली. आतून मशीनच्या पंख्याची घरघर आली.

लुगडं खाली पडलं होतं. वायर खाटेखाली गुंडाळलेली, त्यानं गुंडाळली होती तशीच होती. पडदा उजळला होता.

पानावर सगळं होतं. त्याच्या शुद्ध भाषेत नव्हतं. 'आमी', 'व्हतं', 'न्हाई', सारं तिच्या बोलीत होतं. शेवटच्या ओळीत नाव होतं.

तो ओसरीवर आला. "भिवरे, आपली थोरली..."

"थोरली कोन?" तिनं सूप पाखडलं. "आपला अजिनाथच थोरला."

ते नाव तिच्या आवाजात आठवून पाहायला त्यानं डोळे मिटले. आवाज होता, नाव नव्हतं. आत जाऊन त्यानं ते पुन्हा वाचलं. कोळसा घेतला, भिंतीकडं वळला. वळेपर्यंत गेलं. तीनदा गेलं.

त्यानं रोहिणीला हाक मारली. तिनं पडद्यावरून नाव मोठ्यानं वाचलं, आणि मग सासऱ्याकडं पाहिलं.

"काय वाचलं मी, मामा?"

तिनं मोबाइलवर फोटो काढला. फोटोत नुसते आडवे पट्टे आले.

त्रिंबक मिळेल त्या जीपनं आष्टीला गेला.

"आत गेलेलं परत कसं काढायचं रं?" त्यानं विचारलं.

"कुठं परत?"

"ज्याचं हाय त्याच्याकडं."

बद्रीनाथनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आबा, पानी प्या आधी." मग म्हणाला, "कचरापेटीत टाका. तिथून परत जाईल जिथलं तिथं. दोन बटनं हायत बघा तिथं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्रिंबकनं भिवराबाईला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सगळी पानं वाचून दाखवली. खडी, विहीर, बाप, शेंगोळे, कोपी. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लई सोसलं त्या बाईनं," ती म्हणाली.

त्यानं सगळी पानं ओढून कचरापेटीत टाकली. पेटी उघडली. खाली दोन बटणं होती. एकावर 'पूर्ववत करा', दुसऱ्यावर 'रिकामी करा'.

'पूर्ववत' हा शब्द त्याच्या वर्गात झाला नव्हता. तो अक्षर लावून वाचता आला, पण कळला नाही. दुसरं त्याला चांगलं कळत होतं. तीस हंगाम त्यानं गाडी हाकली होती. कारखान्याच्या दारातून भरली गाडी कधी माघारी फिरत नाही. आधी रिकामी करायची, मग घर.

त्यानं दुसऱ्या बटणावर टिचकी मारली.

'कायमचे?' मशीननं विचारलं.

कायमचं तिला परत मिळावं, हेच तर त्याला हवं होतं. त्यानं 'होय' दाबलं.

पंखा थांबला. पाचटाचा वास एकदम गेला. मशीन बंद असतानाही तो घरात होता, हे तो गेल्यावर कळलं.

त्रिंबक बायकोकडं बघत राहिला. ती पडद्याकडं बघत होती. तीन वाजता वीज गेली, तरी दोघं तसेच बसून होते.

त्यानंतर मशीन चालू झालं नाही. बद्रीनाथनं उघडून पाहिलं, तर आत धुळीचा कणही नव्हता. दिवाळी झाली, गावातल्या टोळ्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्यांना गेल्या. पुढं पुढं भिवराबाई खाटेवरून उठेनाशी झाली. पन्नास वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. डिसेंबरात एका दुपारी त्रिंबक तिला पेज भरवत होता, तेव्हा ती अदबीनं म्हणाली, "दादा, त्रिंबक म्हनून कुनी राहतंय का हितं?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि पुढचा घास दिला.

भिवराबाईच्या तेराव्यानंतर तो पंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेला. ग्रामसेवकानं नाव विचारलं, वय विचारलं, अपत्यं किती ते विचारलं. त्रिंबकनं दोन बोटं वर केली. मग त्या बोटांकडं बघत राहिला. ती दोन का केली, हे त्याला आठवेना. त्यानं एक बोट मिटलं.

भिवराबाई त्रिंबक, वय वर्षे अडुसष्ट, मंगळवार दिनांक १७ जानेवारी २०२३ रोजी सकाळी राहत्या घरी वारली. तिला एकच मूल, अजिनाथ. त्याच्याआधी कोणी झालं नव्हतं.