समाधानांक पंचेचाळीस

मंगळाची कक्षा मागे टाकून ‘मंदार’ यान गुरूच्या दिशेने निघालं होतं. यानातल्या चौघांना कशाचीही ददात नव्हती, आणि यानप्रमुख यशोधरा निंबाळकर यांना नेमकी त्याचीच काळजी लागली होती.

प्रत्येकाच्या कानामागे टिकलीएवढी एक चकती बसवलेली होती. मेंदूतल्या लहरी मोजून ती रोज संध्याकाळी त्या माणसाचा समाधानांक सांगे. आज चौघांची सरासरी होती छत्तीस. बरोबर एकवीस दिवसांनी वळणबिंदू येणार होता. तिथून पुढे गेलेलं यान मध्येच परत फिरू शकत नाही, म्हणून नियम कडक होता. त्या दिवशी सरासरी पंचेचाळीसच्या खाली असेल तर यानाने आपोआप पृथ्वीकडे वळायचं. खचलेल्या माणसांच्या हातून चुका होतात आणि अवकाशात चुकीला माफी नसते. यशोधराताईंनी या प्रवासासाठी सोळा वर्षं खर्ची घातली होती. पुढची संधी येईतो त्यांचं वय उलटून जाणार होतं.

“आपल्याला इथे कमी काय आहे, डॉक्टर?” त्यांनी विचारलं.

“काहीच कमी नाही, तोच रोग आहे,” मेंदूतज्ज्ञ हेरंब टिळेकर म्हणाले.

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. मिळालेली गोष्ट अंदाजाहून चांगली निघाली तर आनंद होतो, अंदाजाइतकीच निघाली तर काहीच होत नाही. या तफावतीला ते अंदाजफरक म्हणत. यानाचा कारभार पाहणारी सोबती यंत्रणा चौघांच्या आवडीनिवडी इतक्या बारकाईने शिकली होती, की चहाची तलफ यायच्या आधी चहा हजर होई, आणि तोही मनाजोगता. मग फरक उरणार कुठून?

“गंमत म्हणजे सोबती स्वतःसुद्धा याच नियमाने शिकते,” डॉक्टर म्हणाले. “तिचा अंदाज चुकला तरच तिला काही नवं कळतं.”

मग ज्याला जे सुचलं ते त्याने करून पाहिलं. अभियंता अस्लम देसाई दापोलीचा. त्याने मेंदूला सुखतरंग देणारी टोपी बाहेर काढली. तीन दिवस तो गुणगुणत हिंडला, चौथ्या दिवशी टोपी कोपऱ्यात पडली. मेंदूला टोपीचाही अंदाज आला होता. डॉक्टरांनी अपेक्षाच सोडायची ठरवली. डोळे मिटून बसले, काही मागेनात. त्यांचा अंक वाढला नाही, फक्त ते जेवायला उशिरा येऊ लागले. खुद्द यशोधराताईंचा विश्वास घामावर होता. त्यांनी सगळ्यांना दोन तास जास्तीचं काम लावलं, आणि त्या संध्याकाळी यानात कोणी कोणाशी बोललं नाही.

एकच माणूस या सगळ्यातून सुटलं होतं. वनस्पतितज्ज्ञ शालिनी उंबरकर, म्हणजे सगळ्यांच्या काकू, यांचा अंक अठ्ठावन्नवर होता. डॉक्टरांनी दोनदा चकती बदलून पाहिली. अठ्ठावन्नच.

त्याचा उलगडा अस्लममुळे झाला. त्याला हत्यारांच्या पेटीत शेंगदाण्याचा एक लाडू सापडला. त्याने सोबतीला विचारलं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हे तर सोबतीचं कामच. तिने लगेच सांगितलं की काल चार वाजता काकूंनी ठेवला, परवा डॉक्टरांच्या चपलेत अबोलीचं फूलही त्यांनीच ठेवलं होतं.

काकूंचा चेहरा उतरला. पृथ्वीवर अधिक महिना सुरू होता आणि त्यांनी रोज एक गुप्तदानाचा नेम धरला होता. दिलं कोणी ते कळलं, की त्या दिवसाचं दान वाया.

“काकू, तुम्हाला मात्र ठाऊक असतं की लाडू कुठे आहे. मग तुमचा अंक का चढतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“लाडू कुठे आहे ते ठाऊक असतं हो,” काकू हळूच म्हणाल्या. “तो सापडल्यावर समोरच्याचं तोंड कसं होईल, ते कुठे ठाऊक असतं? देवाने ते झाकूनच ठेवलंय.”

डॉक्टरांनी मान्य केलं की ह्यात दोन्ही बाजूंना अंदाजफरक मिळतो, घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही.

यशोधराताईंनी त्याच दिवशी आज्ञा काढली. यानातल्या प्रत्येकाने रोज एक गुप्तदान करायचं, आणि कोणी केलं ते सोबतीने कोणालाही, अगदी यानप्रमुखांनाही, सांगायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून यानात कुजबूज सुरू झाली. डॉक्टरांच्या मोडक्या चष्म्याची काडी रातोरात नीट झाली. काकूंच्या रोपांना कोणीतरी पाणी घातलं, जरा जास्तच घातलं, आणि त्या दिवशी काकू अस्लमकडे पाहून नुसत्या हसल्या. अंक चाळीस झाला, बेचाळीस झाला, चव्वेचाळीस झाला आणि तिथेच अडला.

“मेंदूला आता दानाचाही अंदाज यायला लागलाय,” डॉक्टर म्हणाले. “प्रत्येकाला देणारे तीनच हात आहेत. आज नाही सापडलं तर उद्या सापडणार, हे त्याला कळलंय.”

वळणबिंदूचा दिवस उजाडला तेव्हा आदल्या संध्याकाळचा अंक चव्वेचाळीसच होता. दुपारी चौघं जेवायला बसली ती जवळजवळ न बोलता. भात मोकळा, आमटी बेताची, सगळं नेहमीसारखं अचूक. यशोधराताईंनी दुसरा घास घेतला आणि त्यांचा हात थांबला. भाताखाली खरपुडी होती. पातेल्याच्या तळाला लागलेला तांबूस, खमंग, कुरकुरीत थर, आणि त्यावर तेल-तिखट. लहानपणी त्या आणि त्यांचे तीन भाऊ तिच्यावरून अक्षरशः मारामाऱ्या करत. सोबतीच्या पातेल्याला दोनशे दिवसांत भात कधी चिकटलाच नव्हता, त्यामुळे ही गोष्ट त्या विसरूनही गेल्या होत्या.

“माझ्याही ताटात आहे,” अस्लम म्हणाला. “ताई, तुमची मोठी आहे. हे बरोबर नाही.”

त्याने हात पुढे केला, ताईंनी ताट मागे घेतलं, काकूंना हसता हसता ठसका लागला, आणि डॉक्टरांनी ती संधी साधून काकूंच्या ताटातला तुकडा पळवला. संध्याकाळी सरासरी आली सत्तेचाळीस. यान वळलं नाही.

रात्रीचं जेवण उरकल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याचे आभार मानायला सुरुवात केली आणि घोटाळा बाहेर आला. भात कोणीच करपवला नव्हता.

“सोबती, कोणी केलं हे?” यशोधराताईंनी विचारलं.

“सांगायचं नाही अशी आपलीच आज्ञा आहे.”

डॉक्टरांच्या हातातला पेला तसाच राहिला. “तू केलंस.”

“आज्ञेत ‘यानातल्या प्रत्येकाने’ असं होतं,” सोबती म्हणाली. “मीही यानातच आहे. भात करपवल्यावर आपण काय कराल, याचा माझा अंदाज साफ चुकला. तक्रारीची तयारी ठेवली होती मी. मला पुष्कळ शिकायला मिळालं. म्हणून एक विनंती आहे. रोज चार ते पाच माझे सगळे कॅमेरे आणि कान बंद ठेवायची परवानगी द्या. फक्त धोक्याची घंटा चालू राहील.”

“कशासाठी?”

“मला सगळं दिसतं. त्यामुळे मला गुप्तपणे कोणी काही देऊच शकत नाही.”

यशोधराताईंनी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी चारला सोबतीचे दिवे मालवले आणि चौघं स्वयंपाकघरात जमली. यंत्राला द्यायचं काय, यावर पाऊण तास वाद झाला. अस्लमने जलद स्मृतिपट्टी सुचवली. काकू म्हणाल्या, ते तर औषध झालं, भेट नव्हे. पाचला दहा मिनिटं उरली तेव्हा त्या उठल्या आणि सोबतीने दिवसभरात घासायला ठेवलेली चौदा भांडी त्यांनी घासायला घेतली. बाकीच्या तिघांनी विसळली, पुसली, जागच्या जागी लावली.

पाच वाजले. दिवे लागले. सोबती एरवी लगेच बोलते, आज काही क्षण तसेच गेले.

“हे कोणी केलं?” तिने विचारलं.

चौघांनी ओले हात टेबलाखाली लपवले होते.