उन्हाळ्यात खोदलेली कबर

सेनगावहून गोरेगावकडे जाताना डाव्या हाताला एक लहान गाव लागतं. तिथं ख्रिस्ती लोकांची अकरा घरं आहेत. बाकी गावासारखीच ही माणसं. सोयाबीन पेरतात, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बाजाराला जातात, जावयाच्या नावानं बोटं मोडतात. एक रीत मात्र त्यांची एकट्यांची. दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ती एक कबर खोदून ठेवतात.

यात भुताखेताचं काही नाही. इकडची जमीन काळी आणि खोल. पाऊस लागला की हातभर खणलं तरी पाणी लागतं, कडा ढासळतात आणि आपल्या माणसाला चिखलात ठेवायची पाळी येते. एका श्रावणात तशी पाळी आली, तेव्हापासून ही सोय. खड्डा काढायचा, वर पत्रे टाकायचे, पत्र्यांवर दगड. पास्टर हरीश यांनी ही सोय उपदेशातही बसवली होती. "देवाचं बोलावणं कधी येईल, कुणाला ठाव?" ते म्हणायचे. "आपण तयार असलेलं बरं."

खोदायचं काम प्रेमानंदकडे. तो गवंडी. गुण्या आणि ओळंब्याची सवय हातात इतकी मुरलेली की त्याची कबरसुद्धा काटकोनात असायची. "मिस्त्री, यात फरशी कधी बसवता?" अशी लोक थट्टा करत. यंदा त्यानं टेप लावून सहा फूट लांब खड्डा काढला. तो कुणासाठी हे सगळे जाणून होते. शकुबाई ऐंशीच्या पुढच्या, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. पांढरं लुगडं उशाशी ठेवून त्या वाट पाहत होत्या आणि देवाच्या कचेरीत आपला कागद हरवला की काय, अशी कुरकुर करत होत्या.

आठ दिवसांनी पत्रे नीट करायला प्रेमानंद कबरीकडं गेला, तर खड्डा त्याला आखूड वाटला. त्यानं टेप लावली. पाच फूट एक इंच.

त्यानं डोकं चालवलं. काळी माती ओलीनं फुगते हे खरं, पण आता सगळं रान भेगाळलेलं. वाळलेली माती आक्रसते, म्हणजे खड्डा वाढायला हवा. कड ढासळली म्हणावी, तर तळाला एक ढेकूळ नव्हतं. डोक्याकडच्या भिंतीवर त्याच्या टिकावाचे घाव जसेच्या तसे होते. दगडावरून टिकाव निसटला तिथला तिरपा ओरखडासुद्धा. भिंतच अकरा इंच पुढं आली होती.

त्यानं ती भिंत तासून काढली आणि खड्डा पुन्हा सहा फूट केला. दोन दिवसांनी तो टेपवर चार फूट पाच इंच निघाला. भिंतीवर तेच जुने घाव होते, तोच तिरपा ओरखडा. ते घाव तर त्यानं मातीसकट काढून फेकले होते.

"मोजायला चुकून राहिला असशील," पास्टर म्हणाले.

"मोजण्यात मी चुकत न्हाई, पास्टरसाहेब. बुजवून टाकू का?"

"माणूस ठेवल्याबिगर कबर बुजवायची न्हाई. अशुभ वगैरे आपण मानत न्हाई." पास्टर जायला वळले. "पण नको."

तो शकुबाईंकडे गेला. बोलू का नको, अशा विचारात त्यानं कबरीचा विषय काढला. म्हातारीनं डोळे उघडले.

"ती माझी न्हाई रे," ती म्हणाली. "माझी असती तर मला कळलं असतं."

शनिवारी सकाळी खड्डा टेपवर तीन फूट दहा इंच निघाला. प्रेमानंद घरी आला तेव्हा शिला, त्याची बायको, मशीनवर बसली होती. आठ वर्षांच्या लेकीसाठी, कोमलसाठी, पांढरा फ्रॉक शिवायला घेतला होता.

"हिची उंची घ्या ना जरा," शिला म्हणाली.

कोमल भिंतीला टाचा टेकवून हसत उभी राहिली. प्रेमानंदनं टेप धरली. मग पुन्हा धरली.

"किती?"

"तीन फूट दहा," तो म्हणाला.

त्या दिवशी त्यानं पोरीला विहिरीकडं जाऊ दिलं नाही, रस्ता ओलांडू दिला नाही. तिला काही होत नव्हतं. ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, आणि बाप तिची प्रत्येक उडी मोजत होता.

रविवारी पास्टरांनी देवपुत्राच्या बलिदानावर उपदेश केला. मरण आपलं होतं, पण आपल्या जागी तो गेला, म्हणून आपलं तारण झालं. प्रेमानंदनं हे लहानपणापासून ऐकलेलं. तो गेला तो काहून, असं पास्टरांनी लेकरांना विचारलं. "प्रेम होतं म्हणून!" सगळ्यांच्या आधी कोमल ओरडली. प्रेमानंदनं मान खाली घातली. काय करायचं ते त्याला कळलं होतं.

दुपारी भर उन्हात त्यानं पत्रे सरकवले आणि तो खड्ड्यात उतरला. गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला. माती गार होती. वर आभाळाचा चौकोन होता.

"देवा, तिला सोड," तो मोठ्यानं म्हणाला. "तिच्या जागी मला घे."

काही हललं नाही, काही वाजलं नाही. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, आपले पाय सरळ झालेत.

त्यानं टेप लावली. पाच फूट सात इंच. ती त्याचीच उंची होती. तो तिथंच बसून ओक्साबोक्शी रडला, आणि इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

पुढचे आठ दिवस तो तयारीनं जगला. घराचं छप्पर शाकारलं. सात वर्षं अबोला धरलेल्या भावाच्या घरी जाऊन जेवून आला. रोज सकाळी खड्डा मोजायचा आणि निर्धास्त मनानं परतायचा. पाच फूट सात.

"काहून इतके हसून राहिले?" शिलानं विचारलं. त्यानं टेप खिशात घातली.

सोमवारी तो जेवायला बसला होता, तेव्हा कोमल बाहेरून आली. नवा फ्रॉक पाठीमागून काळा झालेला. केसांत माती.

"कुठं गेली होती?"

"कबरीत. पत्र्याखालून शिरले."

प्रेमानंदनं हातातला घास ताटात ठेवला.

"तुमी त्या दिवशी तिथं रडून राहिले होते," ती म्हणाली. "मी बाभळीमागं होते, समदं ऐकलं. मग आज मी सांगून आले देवाला. पप्पाच्या जागी मी." शाळेत उत्तर बरोबर आल्यासारखा तिचा चेहरा खुलला होता.

"तुला तर तो खड्डा लई मोठा..."

"आधी मोठा होता. मग बराबर झाला."

तो उठला. चपला न घालता दाराकडं धावला. कोमलनं त्याचा हात धरला.

"जाऊ नका, पप्पा," ती समजुतीनं म्हणाली. "तो म्हणला, आता बदलायचं न्हाई."