याडीचा निरोप

बोरी अरबला स्टँडसमोर माझी रसवंती आहे. ही गोष्ट गेल्या मे महिन्यातली. दुपारी यवतमाळची बस आली आणि एक पोरगी उतरली. कॉलेजातली असावी. बाकावर टेकली, रस मागवला, पण अर्धा ग्लासही संपवला नाही. सारखी रडत होती. समोर ऑटो लागला तशी पळतच जाऊन बसली. तिचा फोन बाकावरच राहिला.

मी तो उचलून गल्ल्याजवळ ठेवला. म्हटलं, येईल शोधत. थोड्या वेळानं फोनच वाजला. नाव आलं, 'याडी'. बंजारा लोक आईला याडी म्हणतात. मी उचलला.

"वर्षाले दे..." म्हातारा, संथ आवाज. बोलताना माणूस श्वास घेतो, तो या आवाजात कुठंच ऐकू येत नव्हता.

"माय, ते फोन इथंच इसरून गेली. ऑटोनं तुमच्याकडंच येऊन राह्यली असन."

"मंग तूच आणून दे बापू. तांड्यावर धावजीचं घर इचार..." जरा थांबून ती म्हणाली, "तिले सांग, जेवून घे म्हणा. अन् शामची वाट पाहू नका म्हणा... थो माह्याजवळच हाय."

फोन कटला.

ऊन कलल्यावर दुकान बंद केलं आणि गाडीला किक मारली. रस्त्याच्या दोन्ही बाजूला नांगरून तापलेली काळी वावरं. नाल्यावरचा पूल ओलांडला की तांडा. धावजीचं घर विचारावंच लागलं नाही. अंगणात माणसं बसली होती आणि दोघं जण तिरडी बांधत होते.

गाडी बंद करायचंही मला सुधरेना. एक म्हातारा उठून जवळ आला. तोच धावजी.

"कोन पाह्यजे भाऊ?"

"हा फोन... याडीनं आणून द्याले सांगतला."

"कोन्या याडीनं?"

"फोन आलता ना. दुपारी."

 म्हातारा अगदी हळू म्हणाला, "बिजली, माही बायको, तर दिवस निंगाच्या पह्यलेच गेली. पोरीले आमी नुसतं शिरीयस हाय म्हनून बलावलं."

वर्षा ओट्यावरून उठून आली. डोळे सुजलेले. माझ्या हातातला फोन तिनं घेतला नाही, माझं मनगटच धरलं.

"याडीचा फोन तं तिच्या उशाशी बंद पडून हाय. तुमी तिचा आवाज आयकला? काय म्हने?"

"जेवून घे म्हने."

ती मटकन खाली बसली. "सकाळपासून पोटात काही नाही माह्या... याडीले कसं ठाव?" मग लहान मुलीसारखं माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "बोलाले मले पाह्यजे होतं ना भाऊ? मी फोन काहून इसरली? अजून काय म्हने?"

मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मागून धावजी कुणाला तरी सांगू लागला, "शाम आला का उचलू. रातीच निंगाला आदिलाबादहून, गाडीवर. फोन लागून नाही राह्यला त्याचा. पन येईन. मायले आग तोच देईन."

उघडलेलं तोंड मी मिटलं.

"अजून काय म्हने?" वर्षानं पुन्हा विचारलं.

"काही नाही. कटला मंग." मी फोन तिच्या हातात दिला आणि लागला तर असावा म्हणून माझा नंबरही.

निघून जावंसं वाटत होतं, पण त्या पोरीसमोरून पाय निघेना. दिवस बुडायला आला तेव्हा एकदम गलका झाला. "आला! शाम आला!"

तो पायीच येत होता. अनवाणी. "गाडी नाल्यात राह्यली," एवढंच बोलला. वर्षा त्याच्या गळ्यात पडली. धावजीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं रडू त्या म्हाताऱ्याला तेव्हा फुटलं. माझ्याही छातीवरचा दगड उतरला. म्हटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं.

खांदा द्यायला जाताना तो माझ्याजवळून गेला. भर उन्हाळ्यात त्याच्या अंगाला ओल्या चिखलाचा वास येत होता. न थांबता, माझ्याकडं न बघता तो कुजबुजला, "सांगतलं नाही ना?"

"...नाही."

"बरं केलं."

गाडी घेऊन मीही मागोमाग मसनात गेलो. आईला आग त्यानंच दिली. ज्वाळा वर चढल्या आणि धावजी पोराचा हात घट्ट धरून उभा राहिला. ते बघवेना. मी कुणाला न सांगता गाडी काढली. परतताना गाडी जड चालत होती. मागच्या टायरात हवा कमी असेल, असं वाटलं.

सकाळी दुकान उघडतच होतो, तेव्हा फोन आला. वर्षाचा. 

"भाऊ... पोलीस आलते. पुलाखाली चिखलात दादा अन् त्याची गाडी... कालच्या पहाटपासून तिथंच होता म्हनते."

मी उघडत असलेलं दार तसंच सोडलं.

"बा आयकतच नाही. म्हनते, मसनातून पोरगा तुमच्या गाडीवर मांगं बसून गेला. साऱ्यायनं पाह्यलं. सारका इचारून राह्यला..." तिचा आवाज फाटला. "भाऊ, तुमी त्याले कुठं उतरवून देलं?"

 वाटेत मी कुठंच थांबलो नव्हतो.