सोंडकिड्याचं आडनाव

चोमे गावच्या चढावर आमची पिकअप चिखलात रुतली. बाकीचे सगळे उतरून ढकलायला लागले आणि हा एक माणूस मात्र माझ्याकडे टक लावून उभा. मी दोनदा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा तो सरळ जवळच आला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

माझ्या खांद्यावरच्या कापडावरून त्यानं दोन बोटांनी काहीतरी उचललं, कुपीत टाकलं, बूच लावलं. त्या कापडाच्या आत एक बाईही आहे, हे त्याच्या मग लक्षात आलं.

"सोंडकिडा आहे. मेल्याचं सोंग घेतलंय," तो म्हणाला. "याला उडता येत नाही. म्हणजे सकाळी तू जंगलात पाचोळ्यात बसली होतीस."

"मी कुठे बसते ते तुला का सांगू?"

"पारे दिसतेस. आता कोर्टात खेचशील."

म्हणजे चग्गा होता. संपलंच. आम्हा पारे लोकांचं आणि किलिमांजारोच्या चग्गांचं उतानीचं नातं. एकमेकांची वाटेल तशी थट्टा करायची आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही, अशी पणजोबांपासूनची रीत. आम्ही म्हणे एका कोंबडीसाठी गाय विकून खटला लढतो. आणि ते म्हणे वर्षभर कुठेही भटकोत, डिसेंबर लागला की दावं तोडून घरी पळतात.

"खटला होणारच," मी म्हटलं. "माझ्या खांद्यावरचा किडा, माझा आहे."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे मला तेव्हाच दिसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी जंगलाच्या कडेला असलेल्या आमच्या संशोधन-घराच्या दारात "होडी", म्हणजे 'येऊ का आत?', असं म्हणत उभा राहिला तो हाच. मोरोगोरोहून येणार येणार म्हणून गाजलेले कीटकतज्ज्ञ डॉक्टर ऐकाएली उरिओ. मी तिथली चित्रकार. सूक्ष्मदर्शकाखाली किडे ठेवायचे आणि केसन् केस कागदावर उतरवायचा, हे माझं काम.

पुढचे तीन महिने त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्यानं माझा जीव खाल्ला. बाबा जंगलातले वाटाडे. ते उरिओला रोज धुक्यात घेऊन जायचे, ओला पाला चाळणीतून चाळायचे. तसले अकरा किडे आणखी मिळाले. मग शंभर वर्षांपूर्वी परदेशी नेऊन ठेवलेल्या भाऊबंदांचे फोटो मागवायचे, एकेकाशी ताडून पाहायचं. सोंडेवरचे केस, पाठीवरच्या खळग्यांच्या रांगा. एक चित्र मी सात वेळा काढलं. सात! आणि आठव्यांदा हा म्हणतो, "नाकिज्वा, मांडीवर एकच दात असतो यांच्या. तू दोन काढलेस."

दोनच होते. मी त्याची मान धरली आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला टेकवला. तो बघत राहिला... बराच वेळ.

"दोन आहेत," तो हळूच म्हणाला. "बाकी सगळ्यांना एकच आहे. नाकिज्वा, ही नवी जात आहे." आणि मग डोळा तसाच ठेवून — "तुझ्या हाताला पेन्सिलीचा वास येतो."

माझे कान तापले. मला माझाच राग आला.

'माझ्याशी लग्न कर' असं तो पहिल्यांदा म्हणाला ते आमच्याकडे मका-घेवड्याचं माकांदे खाताना. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्यांदा म्हणाला पावसात, एका केळीच्या पानाखाली आम्ही दोघं कसेबसे मावलो होतो तेव्हा. मी म्हटलं, आधी भावाबहिणींना विचार, डिसेंबरात भेटतीलच. तिसऱ्यांदा म्हणाला ओसरीवर, आणि तेव्हा तो हसत नव्हता. पण मी हसले. दुसरं काय करणार होते? उतानीतली शिवी अंगाला लावून घ्यायची नसते, मग उतानीतला शब्द तरी कसा लावून घ्यायचा? आईनं एकदाच बजावलं होतं, "त्यांच्या बोलण्यावर रडायचं नाही, तसं भुलायचंही नाही, पोरी." आणि मी तर भुलून बसले होते. खरं काय ते या माणसाच्या तोंडून कधी कळणारच नव्हतं.

नोव्हेंबर सरला. नव्या जातीवरचा लेख पुरा झाला. सोमवारच्या गाडीनं तो जाणार, हे ठरलं. शनिवारी त्यानं शेवटचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

किड्याचं नाव ठेवलं होतं — म्झावाई.

म्झावा आमचं आडनाव. पण किड्यांच्या बारशाचा नियम मला तोंडपाठ होता. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी 'ई', बाईच्या नावावरून ठेवलं तर 'ए'. म्हणजे हा मान बाबांचा. बाबांनी तर नाव कानावर पडताच सकाळीच चर्चच्या अंगणात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आता जगाच्या पुस्तकात त्यांचं नाव लागणार.

"छान," मी म्हटलं. "बाबांनी मेहनतही केली."

"बाबांचं कुठे? तुझं आहे ते."

"मग 'ई' कशाला?"

तो गोंधळला. "चुकलं असेल. आपल्या भाषेत तो आणि ती दोघांना एकच शब्द. मला कुठे सवय आहे बाई आणि पुरुष वेगळं लिहायची?"

"डॉक्टर आहेस ना तू? माझ्या घरात बसून तीन महिने माझं माकांदे खाल्लंस आणि मी बाई आहे हे तुला—"

"ते मला पहिल्या दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "पुढचं वाच."

पुढे, हे नाव कशावरून ठेवलं ते सांगायची ओळ होती. तिथं लिहिलं होतं: 'नाकिज्वा म्झावा हिच्यावरून. तिच्या खांद्यावर हा पहिल्यांदा सापडला आणि मांडीवरचा दुसरा दात तिनं पाहिला. लेखकानं तिला चार वेळा लग्नाचं विचारलं. ती हसली.'

"छापणारे हे कापतील," मी म्हटलं.

"कापू देत. तुला वाचायला लिहिलंय. छापायच्या कागदावर कुणी उतानी करत नाही, नाकिज्वा."

मी लाल पेन्सिल घेतली. 'चार' खोडून 'तीन' केलं.

"चारच," तो म्हणाला. "एकदा पिकअपमध्ये मनातल्या मनात विचारलं होतं."

"मनातलं कोर्टात चालत नाही." मग मी कागदाच्या वरच्या ओळीवर गेले आणि 'म्झावाई' हा अख्खा शब्दच खोडला. त्याच्या जागी लिहिलं — नाकिज्वाए.

तो कागदावर वाकला. कपाळाला आठ्या. "आडनावच बरं होतं की. रीत आहे तशी. नुसता 'ए' लावला असतास तरी भागलं असतं. आणि एकदा छापलं की हे नाव कधीच बदलता येत नाही, माहितीये ना?"

"माहितीये. म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

देवा! दाण्याएवढ्या किड्याच्या मांडीवरचे दात मोजणारा माणूस, आणि समोर बसलेली बाई काय म्हणतेय ते याला दिसेना. मी थांबले. वाट पाहिली. आढ्याकडे पाहिलं. शेवटी बोलावंच लागलं.

"किड्याचं नाव बदलत नाही, उरिओ. बाईचं आडनाव बदलतं."

तो तसाच वाकलेला राहिला, अगदी त्या किड्यासारखा, मेल्याचं सोंग घेऊन. मग खळी दिसली. मग त्यानं माझा पेन्सिलीचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"पण बाबा... त्यांनी तर साऱ्या गावाला सांगितलंय," थोड्या वेळानं तो कुजबुजला. "किडा त्यांचा नाही हे त्यांना कोण सांगणार?"

"तू. घरी जा, वाकून थोरांना करतात तो 'शिकामू' कर आणि किडा गेला, मुलगीही गेली, असं एकदमच सांग."

"खटला भरतील."

"भरतीलच," मी म्हटलं. "साक्षीला मी येते."